पुसलेले परत मिळते, पण आधी हात थांबवा



या सदरात आपण शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, बचतगटाचे हिशेब अशा रोजच्या गरजेच्या गोष्टी बोलत असतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. कॉम्प्युटरमधली फाईल चुकून डिलीट झाली, तर ती परत मिळते का? आणि मिळवायची तर काय करावे?

"आमच्या घरी कुठे कॉम्प्युटर आहे?" असे म्हणून पान उलटू नका. घरी नसेल, पण तुमच्या मुलीचे दाखले, तुमच्या घरकुलाची कागदपत्रे, तुमच्या गटाची यादी कुठल्या ना कुठल्या कॉम्प्युटरमध्ये आहेच. पूर्वी ट्रंकेत जे कागद असत, ते आता तिथे जाऊन बसले आहेत. ट्रंकेला निदान कुलूप घालता येत होते. इथे एका बोटाने सगळे नाहीसे होते. आमच्या आष्ट्यात आम्ही हे स्वतः भोगले आहे, म्हणून लिहितो आहे.

घडले ते असे

आमच्या वस्तीतल्या विहारात एक जुना कॉम्प्युटर आहे. कुणीतरी कार्यालयातला बदलताना दिलेला. त्यावर मी २०१६ च्या दिवाळीच्या सुट्टीपासून एक काम करत होतो. संध्याकाळी नोकरीवरून आलो की वस्तीतल्या घरांची कागदपत्रे स्कॅन करून ठेवायची. शाळा सोडल्याचे दाखले, जन्म-मृत्यूचे उतारे, वंशावळ, जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरचे उतारे. याचे कारण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी करायची, तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो असतो आजोबा-पणजोबांच्या कागदावर, आणि तो कागद घरात एकच असतो. पोरगी बारावीला गेली की घरोघर शोधाशोध सुरू होते.

त्याच कॉम्प्युटरवर दुसरेही एक काम चालले होते. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करून मी त्यात साठवत होतो. १९५६ नंतर आपल्या गल्लीत काय काय घडले, घरातले देव बायांनी एकत्र येऊन कसे बाहेर काढले, पहिल्यांदा हॉटेलात कपबशीतून चहा कुणी मागितला, अशा गोष्टी. पुस्तकात त्या सापडायच्या नाहीत.

आता माझी चूक सांगतो. मी बी.कॉम. झालेला, दिवसभर फायलींना नंबर आणि नाव घालणारा कारकून. पण या सगळ्या कामाचा फोल्डर मी 'न्यू फोल्डर २' या नावानेच ठेवला होता. नाव नंतर देऊ, दुसरी प्रत नंतर काढू, असे म्हणता म्हणता सात वर्षे गेली.

२०२३ च्या जून महिन्यात जयंतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ कॉम्प्युटरवर घालायचे ठरले. डिस्क भरलेली होती. आमचा एक कार्यकर्ता मुलगा, नुकताच एम.एस.-सी.आय.टी. झालेला, जागा करायला बसला. त्याला 'न्यू फोल्डर २' म्हणजे कचरा वाटला. शिफ्ट दाबून डिलीट केले. शिफ्ट दाबल्यावर फाईल रिसायकल बिनमध्येही जात नाही, थेट जाते. मग मोकळ्या जागेवर त्याने पेन ड्राईव्हवरून व्हिडिओ चढवायला सुरुवात केली. पाऊण तासाने मी आलो.

"काका, मी जागा केली बघा," तो कौतुकाने म्हणाला.

"काय काढलंस?"

त्याने नाव सांगितले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. पोरगा रडकुंडीला आला. लगेच म्हणाला, "थांबा काका, इंटरनेटवरून सॉफ्टवेअर उतरवतो, सगळं परत येतंय." त्याने माऊसला हात घालायच्या आत मी भिंतीवरचे बटण बंद केले. मला फार कळत होते असे नाही. पण एवढे वाचनात आले होते की, अशा वेळी कॉम्प्युटरवर पुढे काहीही लिहू द्यायचे नाही. ते एक बटण बंद केले म्हणून पुढचे सगळे जमले.

मी पोराला बोलायला लागलो, तेव्हा विहारात झाडलोट करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "त्याला कशाला बोलताय? उडालंय ते उडालंय. आता हुडकायचं कसं ते बघा." खरे होते ते. नाव न घातलेला फोल्डर माझा होता.

डिलीट म्हणजे नेमके काय होते?

ज्यांनी पतसंस्थेतली खतावणी पाहिली आहे, त्यांना हे लगेच समजेल. खतावणीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते. अमक्याचे खाते पान ४५, तमक्याचे पान ११२. आता समजा, एक खाते बंद झाले आणि कारकुनाने अनुक्रमणिकेतल्या त्या नावावर रेघ मारली. पान ४५ वरचा मजकूर गेला का? नाही. तो तिथेच आहे. फक्त तिथपर्यंत नेणारे नाव राहिले नाही, आणि ते पान आता दुसऱ्याला द्यायला मोकळे समजले जाते.

हार्ड डिस्क अशीच वागते. तिच्या आत चकचकीत गोल तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे फिरतात आणि त्यांच्यावरून लोहचुंबकाच्या तत्त्वावर मजकूर लिहिला-वाचला जातो. आपण डिलीट म्हणतो तेव्हा कॉम्प्युटर त्या तबकडीवरचा मजकूर खरवडत बसत नाही. तो फक्त आपल्या यादीत खूण करतो की, ही जागा मोकळी. म्हणून तर हजार फोटो कॉपी करायला बराच वेळ लागतो आणि तेच डिलीट करायला काही क्षण पुरतात.

मजकूर खरा जातो तो नंतर. त्या मोकळ्या जागेवर दुसरी फाईल लिहिली गेली की खालचा जुना मजकूर संपला. मग तो कुणालाही परत आणता येत नाही. आमच्या बाबतीत फोल्डर उडाला तेव्हा काहीच नष्ट झाले नव्हते. नष्ट झाले ते व्हिडिओ चढवताना, पाऊण तासात. आणि त्याच डिस्कवर सॉफ्टवेअर उतरवले असते तर आणखी गेले असते. हुडकायला आणलेला माणूसच ज्याला हुडकायचे त्याच्यावर बसला, असा प्रकार झाला असता.

ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत पीटर नॉर्टन यांनी १९८२ साली पुसलेली फाईल परत आणणारा प्रोग्रॅम विकायला काढला. १९९१ च्या डॉस ५ मध्ये तर 'अनडिलीट' असा हुकूमच होता. डॉसमध्ये फाईल पुसली की यादीतल्या तिच्या नावाचे फक्त पहिले अक्षर बदलले जाई. म्हणून तो प्रोग्रॅम तुम्हालाच विचारी, पहिले अक्षर काय होते ते सांगा. तुम्ही सांगितले आणि जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसेल, तर फाईल परत उभी राही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. हार्ड डिस्क असलेले पहिले यंत्र आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली जाहीर केले. नागपूरला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेच वर्ष. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून मावत होते जेमतेम ५ मेगाबाईट. आज मोबाईलने काढलेल्या एका फोटोला तेवढी जागा लागते. साठवण वाढली, पण अनुक्रमणिकेची पद्धत अजून तीच आहे.

आम्ही ते कसे शोधले

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू न करताच त्यातली हार्ड डिस्क काढून घेतली आणि एस.टी.ने सांगलीला गेलो. तिथे कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करणारा आपल्याच ओळखीचा एक तरुण आहे. त्याने पहिला प्रश्न विचारला, "दादा, यानंतर कॉम्प्युटर चालू केलाय का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग आशा आहे."

त्याने आमची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडली. सगळ्यात आधी संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर करून घेतली. मोकळी दिसणारी जागासुद्धा जशीच्या तशी. मूळ डिस्क बाजूला ठेवली आणि जे काही प्रयोग करायचे ते नकलेवर केले. नुसत्या नकलेला साडेचार तास गेले. हा मुलगा घाई करत नव्हता, त्यावरूनच मला त्याचा विश्वास वाटला.

मग दोन प्रकारे शोध घेतला. पहिला प्रकार यादीवरून. यादीत खूण केलेल्या पण अजून शिल्लक असलेल्या नोंदी प्रोग्रॅम वाचतो. या मार्गाने निम्म्याहून जास्त दाखले नावानिशी परत आले. दुसरा प्रकार यादी पुरती गेली असेल तेव्हाचा. फोटोची फाईल, पी.डी.एफ., गाण्याची फाईल, या प्रत्येकाची सुरुवात ठराविक खुणेने होते. 'फोटोरेक' नावाचा प्रोग्रॅम, जो फुकट मिळतो, तो डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचत जातो आणि खूण दिसली की तिथून फाईल उचलतो. तोटा एवढाच की नावे परत येत नाहीत. सगळ्या फायलींना एफ आणि पुढे लांबलचक आकडे, असली नावे.

अशा बिननावाच्या हजारो फायली घेऊन मी आष्ट्याला परतलो. त्यात कॅलेंडरचे चित्र होते, लग्नपत्रिका होत्या, इंटरनेटवरचे फुटकळ तुकडे होते, आणि त्यांच्या पोटात कुठेतरी आमचे दाखले. आठ दिवस रोज संध्याकाळी विहारात बायका-पोरे दोन कॉम्प्युटरसमोर बसली. एकाने फोटो उघडायचा, दुसऱ्याने वाचायचा, तिसऱ्याने वहीत लिहायचे. ज्या मुलाने डिलीट केले होते, तो रोज सगळ्यात शेवटी उठत होता.

आम्ही खास करून एक कागद शोधत होतो. आमच्या एका नातेवाईक कुटुंबातली मुलगी त्या वर्षी बारावी झाली होती. तिला नर्सिंगला जायचे होते. तिच्या आजोबांच्या शाळेचा १९४६ चा उतारा हाच घरातला एकमेव जुना पुरावा. ते कुटुंब कृष्णाकाठच्या गावात राहते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात छातीएवढे पाणी आले आणि कागदाची ट्रंक लगद्यासारखी निघाली. म्हणजे त्या उताऱ्याचे फक्त स्कॅन उरले होते, ते आमच्या 'न्यू फोल्डर २' मध्ये.

कुणी म्हणेल, शाळेत जाऊन दुसरा उतारा काढायचा. गेले होते ते. पण त्या काळच्या नोंदीत आडनाव नाही. नुसते मुलाचे नाव आणि बापाचे नाव. तसल्या नावाचे सहा जण. कोणत्या साली दाखल झाले हे सांगणारे माणूस हयात नाही. रजिस्टर नंबर असल्याशिवाय उतारा द्यायचा कसा?

सहाव्या दिवशी रात्री साडेनऊला तो कागद सापडला. कोपरा थोडा करडा झालेला, पण रजिस्टर नंबर स्पष्ट. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण नंबर मिळाला की शाळेतून नवा उतारा निघतो. तसा तो निघाला, प्रकरण पडताळणी समितीपुढे गेले आणि प्रमाणपत्र वेळेत हातात पडले. ती मुलगी आज नर्सिंग शिकते आहे.

सगळेच परत आले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या गल्लीतल्या एका आजींची ५१ मिनिटांची आठवण २०१८ साली मी रेकॉर्ड केली होती. त्यातली पहिली ९ मिनिटे ऐकू येतात. आजी सांगत आहेत की, गल्लीतल्या बाया पाटीत देव घेऊन निघाल्या, आणि तिथे आवाज तुटतो. पुढे नुसती खरखर. त्या जागेवर मिरवणुकीचा व्हिडिओ लिहिला गेला होता. आजी २०२१ मध्ये गेल्या. पुढे काय झाले ते आता विचारायला कुणी नाही.

काय करावे, काय करू नये

आमच्या अनुभवावरून आणि जाणकारांकडून जे शिकलो ते क्रमाने लिहितो. कात्रण काढून विहारात, क्लासमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात लावले तरी चालेल.

१. फाईल गेली असे दिसताच हात थांबवा. नवी फाईल लिहू नका, गाणी-व्हिडिओ चढवू नका, इंटरनेट उघडू नका. कॉम्प्युटर नुसता चालू असला तरी तो आपले आपण काहीतरी लिहीत असतो.

२. साधेच डिलीट केले असेल, तर आधी रिसायकल बिन पाहा. फाईलवर उजवे बटण दाबून 'रिस्टोअर' म्हणा, ती मूळ जागी जाते. पेन ड्राईव्हवरून किंवा शिफ्ट दाबून काढलेली फाईल मात्र सहसा तिथे सापडत नाही.

३. फाईल कुणाला ई-मेलने, व्हॉट्सअ‍ॅपने पाठवली होती का, झेरॉक्सवाल्याकडे ठेवली होती का, ते आठवा. पुष्कळदा दुसरी प्रत तिथेच असते आणि आपण उगीच डिस्क उकरत बसतो.

४. परत आणणारा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर कधीही उतरवू नका. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. सापडलेल्या फायलीही तिसरीकडे साठवा, त्याच डिस्कवर नाही. फोटोरेक, टेस्टडिस्क, रेकुव्हा हे प्रोग्रॅम फुकट मिळतात. मायक्रोसॉफ्टनेही २०२० पासून स्वतःचा एक फुकट दिला आहे, पण तो हुकूम टाईप करून चालवावा लागतो. 'शंभर टक्के फायली परत' अशी हमी देणारी अनोळखी जाहिरात दिसली, तर लांब राहा.

५. डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर हा डिलीटचा मामला नव्हे, यंत्र बिघडले आहे. प्रोग्रॅम चालवू नका, बंद करा. ती घरी उघडू तर मुळीच नका. आतला लिहिणारा भाग तबकडीपासून केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतो. धुळीचा कणही तबकडी खराब करतो. अशा डिस्कचे काम पुण्या-मुंबईच्या खास प्रयोगशाळांत होते आणि ते महाग असते. पुराच्या पाण्यात भिजलेली डिस्कही वाळवून चालू करून बघू नका, तशीच जाणकाराकडे द्या.

६. नव्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीऐवजी एस.एस.डी. असते. तिथे आशा फार कमी. डिलीट केल्यावर कॉम्प्युटर तिला सांगतो की ही जागा आता नको, आणि ती सवडीने ती जागा आपणच साफ करून टाकते. म्हणजे अनुक्रमणिकेतले नाव गेले की मागोमाग पानही कोरे होते. अशा लॅपटॉपवर तर दुसरी प्रत हवीच.

७. मोबाईलमधला फोटो गेला तर घाबरू नका. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तिथल्या कचरापेटीत ६० दिवस राहतो. गुगल ड्राईव्हच्या कचरापेटीत फाईल ३० दिवस राहते. मुदतीत गेलात तर दोन मिनिटांचे काम आहे.

८. दुकानात डिस्क देताना पैसे आधी ठरवा. फाईल मिळाली नाही तर काय द्यायचे, हे कागदावर लिहून घ्या. आधार, बँक पासबुक, बायकामुलांचे फोटो, सगळे त्या डिस्कवर असते. माणूस विश्वासाचा पाहिजे.

यातूनच एक उलटी गोष्ट निघते. डिलीट केलेले परत आणता येते, तर भंगारात विकलेल्या कॉम्प्युटरमधलेही परत आणता येते. तुमच्या गटातल्या बायांची आधार कार्डे तुम्ही डिलीट करून कॉम्प्युटर विकला, तरी ती घेणाऱ्याच्या हाती लागू शकतात. म्हणून विकण्यापूर्वी पूर्ण डिस्कवर दुसरे काहीतरी लिहून ती पुसून घ्या, नाहीतर डिस्क काढून ठेवा.

दुसरी प्रत

एवढे सगळे केले तरी खरा उपाय एकच आहे, तो म्हणजे दुसरी प्रत. मोठ्या मोठ्या ठिकाणी हेच दिसले आहे. अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीत १९९८ साली 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू होते. कुणीतरी चुकून पुसण्याचा हुकूम दिला आणि चित्रपटाच्या फायली डोळ्यांदेखत जायला लागल्या. वायर उपटेपर्यंत बहुतेक काम गेले. बॅकअप घेत होते, पण तो नीट होत नाही हे कुणी तपासलेच नव्हते. वाचले ते गॅलिन सुसमन या अधिकारी बाईंमुळे. त्या नुकत्याच बाळंत झाल्या होत्या, घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर पांघरुणात गुंडाळून मोटारीतून ऑफिसात आणला. १९९९ साली चित्रपट लागला.

आपल्याकडे मुंबईत मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली. माणसे दगावली आणि असंख्य फायली जळाल्या. मग ज्या कागदांच्या प्रती दुसऱ्या कार्यालयांत होत्या, त्यांच्यावरून फायली पुन्हा उभ्या करण्याची वेळ आली. ज्याची प्रत होती ते वाचले.

आणि आपल्या जिव्हाळ्याचे सांगायचे तर, बाबासाहेबांच्या लेखनाचेही हेच आहे. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होती. शासनाने १९७६ साली चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. १९७९ साली पहिला खंड निघाला. वसंत मून यांनी त्या कागदांतून एक एक खंड उभा केला. १९८७ च्या तिसऱ्या खंडात प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांतीवरचे लेखन आहे. त्यात काही प्रकरणे अपुरी आहेत, काही मिळालीच नाहीत. ज्या कागदाची दुसरी प्रत कुठेच नव्हती, तो आता कुणालाही वाचता येणार नाही. मिळाले त्यावर आपण उभे आहोत. जे मिळाले नाही, त्याची किंमत कशात मोजणार?

जाणकार यासाठी साधा हिशेब सांगतात. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. म्हणजे एक कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राईव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर, आणि एक गुगल ड्राईव्हवर किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. सरकारच्या डिजिलॉकरमध्येही आपले कागद स्कॅन करून ठेवता येतात. पूर आला, आग लागली, चोरी झाली तरी तिन्ही एकदम जात नाहीत. आणि तीन महिन्यांतून एकदा ती प्रत उघडून पाहा. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी आहे, हे पिक्सारवाल्यांना ठेच लागल्यावर कळले.

आता विहारात आम्ही नियम केला आहे. प्रत्येक फोल्डरला कुटुंबाचे नाव आणि साल. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन डिस्कवर प्रत, त्यातली एक वस्तीबाहेरच्या घरी. वहीत तारीख आणि सही. ही जबाबदारी कुणाकडे दिली असेल? ज्याने फोल्डर उडवला त्याच मुलाकडे. त्याच्याइतका जपून वागणारा दुसरा माणूस आज आमच्याकडे नाही.

आजींची ती ९ मिनिटे आता चार ठिकाणी आहेत. ज्यांच्या घरी अजून बोलते म्हातारे माणूस आहे, त्यांनी या रविवारी त्यांच्यापुढे मोबाईल ठेवावा आणि विचारावे. आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याची दुसरी प्रत काढावी.

पुढच्या लेखात जात पडताळणीच्या अर्जाला कोणते कागद जोडायचे आणि ते कोणत्या कार्यालयात मिळतात, ते पाहू. तोवर आपापल्या ट्रंका उघडून कागद एकदा उन्हात घाला.

जयभीम.